पाय हलवू नकोस, सॅमदादा

प्रिय सॅमदादा,

उद्या संध्याकाळी तुझ्या श्रद्धांजलीचा कार्यक्रम आहे आणि आपल्या बँडमधल्या नाग्यानं मला ‘दोन शब्द’ लिहून आणायला सांगितलंय. बाकीच्यांनी आपापलं वाजवायचं. ताईनं मात्र, म्हणजे मी, समई लावायची, फोटोला हार घालायचा, दोन शब्द बोलायचे आणि मग पळत जाऊन ड्रमवर बसायचं! म्हणून बसलेय लिहायला. भर दुपार आहे, लाईट गेलीय, कागद मनगटाला चिकटतोय. पण जे लिहावंसं वाटतंय ते उद्या माइकवर वाचलं तर नाग्या तिथंच आडवा होईल. तेव्हा हे तुलाच. त्यांना दोन शब्द मी वेगळे देईन.

‘प्रिय’ लिहिताना हात अडला बरं का. पण दुसरं काय लिहू? ‘मेल्या’ म्हणावं तर तू खरंच मेलास, आता ती शिवीसुद्धा राहिली नाही. तेवढंही सुख दिलं नाहीस.

गावभर तुझे बोर्ड लागलेत. सात रस्त्याला एक, पार्क चौकात एक, आमच्या गल्लीच्या तोंडाशीही एक. ‘सोलापूरचा पहिला रॉकर, बायांचा आवाज’ असं मोठ्या अक्षरात. खाली तुझा कमरेपर्यंतचा फोटो. केस हवेत उडालेले, कपाळावर टिकली, हातात हिरव्या बांगड्या, डोळे मिटलेले, तोंड उघडं. पेपरातही तसंच आलं. कुणीतरी उठवलंय की तू गिटार छातीशी धरून गेलास, बोटं तारांवर होती. वा रे वा! तू गेलास दुपारी जेवून, कूलरसमोर, बनियनवर, तंबाखूची गोळी गालात धरून. शालनवहिनी भांडी घासून बाहेर आल्या तेव्हा तू गार पडला होतास. हे मी कुणाला सांगितलं नाही. तुझी अब्रू मी आजवर लई सांभाळलीय.

तुला आठवतं, मी तुला पहिल्यांदा कुठं दिसले? कॉलेजच्या गणपतीत. कुर्डुवाडीची पोरगी, रेल्वेच्या वर्कशॉपमधल्या फिटरची लेक, ओढणी कमरेला बांधून ताशा बडवत होते. बाकीच्या मुली लेझीम खेळत होत्या, मला ताशा पाहिजे होता. मिरवणूक संपल्यावर तू आलास आणि म्हणालास, “रॉक वाजवशील?” मी म्हटलं, रॉक म्हणजे काय असतं? तू म्हणालास, “राग येतो ना तुला? तो वाजवायचा.”

काय बोललास रे! राग माझ्याकडं पोत्यानं भरलेला होता. बापानं नको म्हटलं, आईनं रडून घेतलं, मी आलेच. साखर पेठेत बंद पडलेल्या लूमच्या शेडमध्ये आपण प्रॅक्टिस करायचो. शेजारच्या शेडमधले माग सुरू असले की आपलं आपल्यालाच ऐकू यायचं नाही. गिटार घेऊन गायला तू, बेसवर नाग्या, दुसऱ्या गिटारवर टोनी आणि ड्रमवर मी. बँडचं नाव ‘भट्टी’. सोलापुरात दुसरं काय नाव ठेवणार?

आणि पहिल्याच कार्यक्रमात तू स्टेजवरून ओळख करून दिलीस. “बेसवर, सोलापूरचा नाग, नाग्याऽऽ! गिटारवर, जहर, टोनीऽऽ! आणि ड्रम्सवर, आपली सगळ्यांची ज्योतीताई.” ताई! मी तुझ्याहून धाकटी, नाग्याहून धाकटी, टोनीहूनसुद्धा धाकटी. ते दोघं नाग आणि जहर आणि मी ताई. नंतर भांडले तुझ्याशी. तर म्हणालास, “अगं, ताई म्हटलं की कुणी वाकडं बघत नाही, तुझ्या भल्यासाठीच की.” म्हणजे बघणाऱ्यांचे डोळे बंद करायचे सोडून तू माझंच नाव झाकून टाकलंस.

औक्षणाचं तर विचारूच नकोस. दर कार्यक्रमाआधी नारळ फुटायचा आणि तू हाक मारायचास, “ताई, तेवढं औक्षण कर.” कवट्यांचे टीशर्ट घातलेले, कानात बाळ्या, असे तुम्ही तिघं रांगेत उभे, मागं ॲम्प्लिफायर, आणि मी ताम्हण घेऊन सगळ्यांना ओवाळतेय! त्याच हातानं मग काठ्या धरायच्या. हात तुपकट असायचे, काठी सटकायची. एकदा सटकली तर तू सगळ्यांदेखत म्हणालास, “बाई आहे, चालायचंच.” दोन मिनिटांनी तूच माइक ओढून ओरडलास, “बायांनो, गप्प बसू नका! बोला!” आणि पोरींनी शिट्ट्या मारल्या.

मुलाखतीत तू सांगायचास, मी बाईला कोरसमध्ये उभी करत नाही, मी तिला ड्रमवर बसवलंय. आणि माझ्याकडं असा बघायचास, जसा नवा फ्रीज घेतलेला माणूस पाहुण्यांसमोर फ्रीजकडं बघतो. मला पत्रकार एकच विचारायचे, घरचे परवानगी देतात का? तुला कधी कुणी विचारलं रे, तुझ्या घरचे काय म्हणतात? विचारायला पाहिजे होतं. लई विचारायला पाहिजे होतं.

सोलो मागितला की तुझं उत्तर ठरलेलं. “ताई, बाईच्या सोलोत लोक पाणी प्यायला उठतात.” मी गप्प बसायचे. का बसायचे सांगू? कारण माझ्याकडं ‘दार उघडा’ होतं.

त्या गाण्याचा दिवस मला स्वच्छ आठवतो. मे महिना होता. आदल्या दिवशी तू आमच्यावर वैतागून गेला होतास, गाणं सुचत नाही म्हणून. जाताना म्हणालास, “थांबा, घरी जाऊन येतो, गाणं घेऊन येतो.” तुझी ही बोलायची पद्धतच होती. आम्ही हसायचो. लोक डोंगरात जातात, दारू पितात, आमचा सॅमदादा घरी जातो! केवढा संसारी माणूस म्हणून मला तुझं कौतुक वाटायचं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तू आलास ते नाचतच. गिटार खाली ठेवली नाहीस, मला उठवलंस आणि माझ्या मोठ्या ड्रमवर मुठीनं ठोकलंस. धड, धड. थांबलास. मग धडधडधड. परत धड, धड. “काठीनं नको सुरुवात, मुठीनं वाजव,” म्हणालास. “जोरात. अजून जोरात. आणि शेवटी शेवटी दमल्यासारखी वाजव. हात दुखायला लागलेत, पण थांबायचं नाही, असं.” मग तू गायलास.

पाय भाजतात माझे, दार उघडा, दार उघडा,
मी काय केलं एवढं सांगा, दार उघडा, दार उघडा.

माझ्या अंगावर काटा आला होता. खोटं कशाला बोलू? मी तो ठेका इतका घोटला की काठीच्या जागी हाडं वाजतील असं वाटायचं. आणि तो शेवटचा दमलेला भाग, तो तर लोकांनी डोक्यावर घेतला. पोरी मला फोनवर व्हिडिओ पाठवतात, पाटावर, डब्यावर, बाकावर तोच ठेका वाजवून. ‘ज्योतीताईंचा ठेका’ म्हणतात त्याला. तुझ्या बँडमध्ये माझं म्हणावं असं तेवढंच होतं.

दर महिला दिनाला तेच गाणं. कॉलेजात, मंडळात, हॉलमध्ये. तू वहिनींच्या हिरव्या बांगड्या घालून यायचास आणि शेवटी माइकच्या दांड्यावर मनगट आपटून त्या फोडायचास. काचा उडायच्या, पोरी रडायच्या, बाप्ये मुठी वर करून ‘दार उघडा’ ओरडायचे. मी काचा झाडून घ्यायचे, कारण माझ्या पेडलखाली यायच्या. एकदा एक प्राध्यापक स्टेजवर आले आणि म्हणाले, “पाय भाजतात, काय प्रतिमा आहे! परंपरेच्या तापलेल्या भूमीवर उभी असलेली स्त्री!” तू मान खाली घालून हात जोडलेस. लाजलासच जवळजवळ.

मग पुढं तुझी गाणी आटली. ‘दार उघडा’नंतर दोनेक बरी झाली, मग नाहीच. तू घरी जायचास आणि रिकाम्या हातानं यायचास. चिडायचास, काठ्या फेकायचास, आम्हाला शिव्या द्यायचास. पेपरात म्हणालास, “मी थांबलोय, बाईचं दुःख अजून खोलवर ऐकतोय.” आम्ही वर्षानुवर्षं तेच जुनं वाजवत राहिलो. मला तुझी दया यायची. चुलीत घातली ती दया!

आता परवाचं ऐक.

नाग्यानं मला तुझ्या घरी पाठवलं. स्टेजच्या मधोमध स्टँडवर तुझी गिटार ठेवायची, हार घालून. “तू बाईमाणूस आहेस, वहिनींकडं तूच जा,” म्हणाला. एवढ्या वर्षांत मी विजापूर रोडच्या त्या घरात मोजून एकदोनदाच गेले असेन, तेही बाहेरच्या खोलीपर्यंत. तू कधी आत येऊ दिलं नाहीस. “शालनला माणसांची सवय नाही, केमची आहे, बुजते,” असं सांगायचास. बुजते म्हणे!

वहिनी स्वयंपाकघरात ज्वारीचं पीठ चाळत बसल्या होत्या. मला म्हणाल्या, “ये की, आत ये. भाईर कशाला बसतीस परक्यावानी?” मी बसले. माझी नजर त्यांच्या हाताकडं गेली. हात मोकळे. त्यांनी ते बघितलं आणि हसल्या.

“दहाव्याला बाया आल्या व्हत्या, बांगड्या फोडाया. म्हणलं, माज्या बांगड्या ह्यांनीच फोडल्यात समद्या, टाळ्या घेऊन घेऊन. तुमच्यासाटी उरल्या न्हाईत. जावा आपापल्या घरला.”

मला हसावं की रडावं कळेना. कपाळावर कुंकू मात्र होतं, चांगलं ठसठशीत. मी काही विचारायच्या आत म्हणाल्या, “ते माज्या गावचं हाय, केमात कुंकूच करत्यात. ते काय ह्यांनी न्हाई दिलं.”

चहा झाला. मी म्हटलं, वहिनी, कार्यक्रमाला तुम्ही यायचं, पहिल्या रांगेत खुर्ची ठेवलीय. म्हणाल्या, “येनार की. आता कोण अडीवतंय?” मग विचारलं, “ते दार उघडा म्हननार का तितं?”

“म्हणावंच लागेल वहिनी. त्याशिवाय लोक घरी जाणार नाहीत.”

वहिनींनी पिठाचा पत्र्याचा डबा जवळ ओढला आणि मूठ आवळून ठोकलं. धड, धड. थांबल्या. मग धडधडधड.

सॅमदादा, मी खूश झाले रे! अगदी पोरीसारखी खूश झाले. वाटलं, ह्या घरात कोंडलेल्या बाईपर्यंतसुद्धा माझा ठेका पोचला! मी टाळी वाजवून म्हटलं, “अय्या वहिनी, तुम्हाला येतो की माझा ठेका!”

त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, “तुजा?”

एवढंच. रागानं नाही हं. लहान मूल काहीतरी भलतंच बोललं की आपण विचारतो ना, तसं.

मग त्यांनी सांगितलं. पीठ चाळता चाळता सांगितलं, चाळणी थांबली नाही. त्या दिवशी सकाळी त्या गच्चीवर कुरडया घालत होत्या. चपला दाराशी काढलेल्या, कारण धुतलेल्या साडीवर चपलेचा पाय द्यायचा नव्हता. तू वर गेलास, केस विंचरत. दोन दिवसांवर कार्यक्रम होता. त्यांनी म्हटलं, मला बी यायचंय एकदा. त्या पोरीला गाडीवर मागं बसवून नेता, मी काय पाप केलंय? मी मागं कुटंतरी बसंन, कुणाला सांगनार न्हाई मी कोन ते.

ती पोरगी मी. बरोबर ना? मी ड्रमच्या काठ्या पिशवीत घालून तुझ्या मागं बसायचे आणि स्वतःला लई शूर समजायचे. इकडं एक बाई, फक्त ऐकायला येऊ का, एवढंच विचारत होती.

तू चपला उचलून आत घेतल्यास आणि लोखंडी दाराला आतून कडी घातलीस. सोलापूरचा मे महिना, भर दुपार व्हायची वेळ, खाली स्लॅब. पाण्याची टाकीसुद्धा दुसऱ्या बाजूला होती, मध्ये भिंत.

“आधी वाटलं, गंमत करत्यात,” वहिनी म्हणाल्या. “मग पाय भाजाया लागलं. कुरडयांच्या साडीवर उभं ऱ्हायले, तर ती बी तापली. मग ठोकाया लागले. दोनदा ठोकायचं, वाट बगायची. मग तीनदा. पाय भाजत्यात की वो, दार उघडा! मी काय केलंय येवढं तरी सांगा! वरडून घसा गेला. शेजारी समदे कूलर लावून झोपलेले, कुनाला ऐकाया जानार?”

मी म्हटलं, सॅमदादा खाली गेले असतील, त्यांना ऐकू आलं नसेल. बघ, तेव्हासुद्धा मी तुझीच बाजू घेतली!

“खाली कशाला जात्यात? दाराच्या खाल्ली फट हाय. वाकून बगितलं तर ह्यांचे पाय दिसत व्हते. आतल्या पायरीवर उभे. आन् उजवा पाय असा हालत व्हता.” वहिनींनी आपला पाय फरशीवर हलवून दाखवला. टाच टेकलेली, चवडा वर-खाली, वर-खाली. “माज्या ठोकन्यावर पाय हालवत व्हते. मी थांबले की थांबायचा. मी ठोकलं की हालायचा.”

तो पाय मला ओळखीचा आहे, सॅमदादा. प्रॅक्टिसला तू माझ्यासमोर उभा राहून त्याच पायानं मला लय द्यायचास. मी तुझ्या तोंडाकडं बघतच नव्हते कधी, पायाकडं बघायचे.

“कधी उघडलं दार?” मी विचारलं.

“गानं जमल्यावर.”

पायाला फोड आले होते म्हणे. तू दार उघडलंस तेव्हा गळ्यात गिटार होती आणि तू म्हणालास, “शालन, काय ठोकलंस गं!” तळव्याला लावायला तूप तूच आणून दिलंस. केवढा कनवाळू! आणि तिथून थेट आमच्याकडं आलास, नाचत. “दमल्यासारखी वाजव,” म्हणालास मला. कुणासारखी, ते नाही सांगितलंस.

मला राग आला, किळस आली, आणि सगळ्यात वाईट काय सांगू? क्षणभर हेवा वाटला. माझं म्हणावं असं एकच होतं, तेही निघालं दुसरीचं. मी माझ्या हातांकडं बघत बसले. हे हात इतकी वर्षं त्या गच्चीच्या दारावर ठोकत होते आणि समोरचे लोक नाचत होते.

आणि भाषा कशाला बदललीस रे चोरा? ‘भाजत्यात’चं ‘भाजतात’ केलंस. बाईचं रडणं घेतलंस, पण धुऊन, इस्त्री करून! तिचं गाव तेवढं काढून टाकलंस. गावंढळ दुःखाला टाळ्या पडत नाहीत, असंच ना?

थांब. अजून आहे.

वहिनींना ते गाणं शेजारच्या पोरीनं फोनवर दाखवलं. काकू, तुमचं कित्ती भाग्य म्हणाली ती. वहिनींनी सगळं ऐकलं. मग त्यांना तुझं सगळं कोडं सुटलं. गाणं पाहिजे असलं की तू घरी यायचास आणि काहीतरी उकरून काढायचास. भाकरी जाड झाली, माहेरचा फोन का आला, साडी कुणासाठी नेसलीस. त्या बोलायच्या, रडायच्या, तू ऐकायचास. घरी जाऊन गाणं घेऊन येतो! आम्ही हसायचो त्यावर.

“त्या दिसापास्नं मी तोंड उघडलं न्हाई,” वहिनी म्हणाल्या. “मीठ पाहिजे का, पानी तापलंय, गॅस संपलाय, येवढंच. भांडण काढलं तरी गप. चार मान्सांत मला बोलले तरी गप. मागनं परत दोनदा गच्चीत कोंडलं ह्यांनी. मी चपला पदराखाली घेऊनच गच्चीवर जायचे. घातल्या आन् टाकीच्या भिंतीच्या सावलीला बसून ऱ्हायले. चकार शब्द काढला न्हाई. तर आतनं म्हनत्यात कसे, ‘बोल की गं! शालन, बोल की कायतरी!’ रडकुंडीला आलं व्हतं मानूस.”

आणि त्या हसल्या. सॅमदादा, असं हसू मी कुठल्याच बाईच्या तोंडावर बघितलं नाही.

म्हणजे तू आटला नव्हतास. तुझ्यात कधी काही नव्हतंच. सगळं शालनवहिनींचं होतं, त्यांनी तोटी बंद केली आणि अख्खी ‘भट्टी’ विझली. आम्ही पुण्यामुंबईच्या स्टुडिओला नावं ठेवत होतो, नशिबाला शिव्या घालत होतो. आणि सोलापूरचा पहिला रॉकर दाराला कान लावून बायकोला विनवतोय, बोल की गं! तू तिचं रडणं स्टेजवर नेलंस आणि तिनं गप्प राहून तुला संपवलं. कूलरसमोर गेलं ते फक्त अंग होतं रे.

मी वहिनींना म्हटलं, नाग्याला सांगते, ते गाणं म्हणायचं नाही. कुणीच नाही, परत कधीच नाही.

“गानं बंद कर,” म्हणाल्या. “ते शब्द माजं भांडण हाय. कुनी बाप्यानं ते तोंडात घ्यायचं न्हाई. पर ठोकनं बंद करू नको. लोकांनी ठोकनं कुटं ऐकलंय? चार मिंटं ऐकत्यात आन् टाळ्या वाजवत्यात. मी किती येळ ठोकलं ते कुनाला ठावं हाय? तू वाजव. मी समोर बसते. मी बास म्हनंपत्तर थांबू नको.”

मी विचारलं, लोक उठून गेले तर?

“त्यास्नी दार उघडं हाय की.”

मग गिटार घेतली आणि निघाले. गच्चीचं दार जाताना बघून आले. गच्चीकडच्या बाजूला, ठोकण्यानं पत्र्याला पोचे आलेत. तुझ्या नावाची पाटी लावायची असं नगरसेवक म्हणतात ना, ती तिथं लावायला पाहिजे.

नाग्याला काल सांगितलं, शेवटी माझा सोलो आहे, गाणं नाही. तो गडबडला. “सोलो? किती वेळाचा, ताई?” म्हटलं, बघू. “आणि दार उघडा कोण म्हणणार? मी बांगड्यापण आणल्यात की डझनभर!” त्या बांगड्या मी त्याच्या हातातून काढून घेतल्या आणि सकाळी वहिनींना देऊन आले. त्यांनी तिथंच भरल्या. दोन्ही हातात, कोपराकडं सरकवून. उद्या तुझ्या फोटोसमोर तुझी विधवा हिरव्या बांगड्या घालून बसणार आहे. पाहुणे काय ते कुजबुजतील. तू मात्र काही म्हणू शकणार नाहीस. ‘बायांनो, गप्प बसू नका’ म्हणायचास ना? आता तू बसून बघ.

तर आता माझा शब्द ऐक.

उद्या मी समई लावणार नाही आणि तुला ओवाळणारही नाही. हार नाग्या घालेल. मी ड्रमवर बसेन आणि मुठीनं सुरुवात करेन. दोनदा, मग वाट, मग तीनदा. पहिली चार मिनिटं लोक नाचतील. पोरी फोन वर धरतील, बाप्ये ‘दार उघडा’ ओरडायला बघतील. मी त्यांना गाणं देणार नाही, फक्त ठोकणं देईन. मग ते दमतील. मग कंटाळतील. मग प्राध्यापक घड्याळ बघतील, नगरसेवक मान वळवतील, नाग्या पडद्यामागून हात हलवेल, शेवटी वैतागून साऊंड बंद करायला लावेल. करू दे की. तुमच्या गिटारी मुक्या होतात, माझ्या ड्रमला वीज लागत नाही. माझे हात फुटले तर फुटोत, मला शेवटचा भाग दमल्यासारखा वाजवायची गरज पडणार नाही. मी समोर वहिनींच्या हाताकडं बघत वाजवेन. त्या बांगड्यांचा हात वर होईल तेव्हाच थांबेन.

आणि तू तिथंच, हार घालून, डोळे मिटून, तोंड उघडं टाकून, सगळं ऐकायचंस. तुझ्यासाठी कुणी कडी काढणार नाही.

एक बरं झालं. फोटो कमरेपर्यंतचाच आहे. ठेका धरायला तुला पाय ठेवलेले नाहीत.

ज्योती
(ड्रम्स. ताई नव्हे.)